किल्ली पेटीत आहे, पण ती कुलपाला लागते का? अग्निशमन दले आणि इमारत समित्यांना खुले पत्र

प्रति,
अग्निशमन दलांचे प्रमुख, इमारतींचे सुरक्षानियम ठरवणारे अधिकारी आणि इमारतींच्या व्यवस्थापन समित्यांचे पदाधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

एका निवासी इमारतीच्या व्यवस्थापन समितीचा मी सहा वर्षे सचिव होतो. हिशेब, सभांची इतिवृत्ते आणि दुरुस्तीची कंत्राटे यांच्यापुढे इमारतीच्या किल्ल्या सांभाळणे हे त्या पदाचे सर्वांत किरकोळ काम समजले जाते, आणि मीही ते तसेच समजत होतो. आमच्या प्रवेशद्वाराशेजारी, फक्त अग्निशमन दलालाच उघडता येईल अशी एक पोलादी किल्लीपेटी भिंतीत बसवलेली होती. ज्या रात्री तिची गरज पडली त्या रात्री ती व्यवस्थित उघडली, आतला जुडगा बाहेर आला, मुख्य दार क्षणात उघडले, आणि जवान जिन्याच्या दारापाशी येऊन अडकले. त्या दाराचे कुलूप आठ महिन्यांपूर्वी बदलले होते आणि नवी किल्ली पेटीत ठेवायची मी विसरलो होतो.

पाचव्या मजल्यावरच्या एका बंद घरात विजेच्या जोडणीतून धूर येऊ लागला होता. शेजारच्या घरात एक वयस्कर बाई एकट्या राहत असत. जिन्याचे दार आतून किल्लीशिवाय उघडत होते, त्यामुळे खाली येऊ शकणारे खाली आले. पण त्या बाई येऊ शकल्या नाहीत, आणि त्यांच्यापर्यंत जाणाऱ्यांना ते दार फोडावे लागले. आगीला तोंड देण्यासाठीच बनवलेले जाड दार सहजासहजी फुटत नाही. त्या बाई वाचल्या. धुराने छाती भरल्यामुळे त्यांना काही दिवस रुग्णालयात राहावे लागले. मला कोणी दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी दलाच्या अधिकाऱ्यांनी तो जुडगा माझ्या हातात परत दिला आणि नवी किल्ली घालून तो पुन्हा आणून देण्यास शांतपणे सांगितले. त्या शांतपणाचे ओझे मी अजून वाहतो आहे, आणि म्हणून आपल्या तिन्ही गटांना उद्देशून हे पत्र लिहितो आहे. किल्लीपेट्या हव्यात, आणि त्या अधिक इमारतींवर हव्यात, हे माझे ठाम मत आहे. पण पेटी बसवून घेणे हा कामाचा सर्वांत सोपा भाग असतो. तिच्यातली किल्ली कुलपाला लागते की नाही आणि ती पेटी उघडणारी किल्ली कोणाच्या ताब्यात आहे, या दोन गोष्टींची काळजी वर्षानुवर्षे घ्यावी लागते, आणि आपली व्यवस्था नेमकी तिथेच सैल पडते.

आधी वेळेविषयी लिहितो. अग्निशमन दलाच्या नोंदींत प्रतिसादाचा कालावधी बहुधा पहिली गाडी पत्त्यावर थांबली की संपतो. आग मात्र तिथे थांबत नाही. गाडी दारात उभी राहणे आणि जवान पाण्याची नळी घेऊन पेटलेल्या खोलीपर्यंत पोहोचणे यांच्यामध्ये फाटक, मुख्य दार, जिन्याचे दार, मजल्यावरचे दार आणि शेवटी त्या घराचे दार असते, आणि यांतले प्रत्येक दार आपण चोराला अडवण्यासाठी दरवर्षी अधिक भक्कम करत आलो आहोत. त्याच काळात घरातले सामान अधिक वेगाने पेटणारे झाले आहे. अमेरिकेतील यूएल या चाचणीसंस्थेने केलेल्या तुलनात्मक प्रयोगांत लाकूड आणि सुती कापड यांच्या जुन्या धर्तीच्या सामानाने भरलेल्या खोलीने संपूर्ण पेट घेण्यास साधारण अर्धा तास लावला, तर फोम आणि कृत्रिम धाग्यांच्या आजच्या सामानाने भरलेली खोली पाच मिनिटांच्या आत सर्व बाजूंनी पेटली. एका कुलपापाशी गेलेली चार मिनिटे म्हणजे काय, हे या आकड्यांपुढे ठेवून पाहावे.

जवानांकडे दार उघडण्याची साधने असतात हे खरे. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातील अधिकारी ह्यू हॅलिगन यांनी १९४८ मध्ये घडवलेली पहार आजही जगभरच्या गाड्यांवर असते आणि कुऱ्हाडीच्या जोडीने ती बहुतेक दारांना नमवते. पण फोडलेले दार पुन्हा लागत नाही. जिन्याचे दार हे धुराला अडवण्यासाठी असते. ते चौकटीतून उखडले की ज्या जिन्याने माणसे उतरत असतात त्याच जिन्यात धूर शिरण्याची वाट मोकळी होते. आग विझल्यावरही ती इमारत उघडी पडते आणि कोणीतरी तिथे पहारा देत बसावे लागते.

याहून अवघड प्रसंग असतो तो खरी आग नसण्याचा. धूरशोधक वाजला आहे, बाहेरून ज्वाळा दिसत नाहीत, इमारत बंद आहे आणि किल्लीधारक फोन उचलत नाही. अशा वेळी पथकप्रमुखाला हजारो रुपयांचे दार फोडण्याचा किंवा थांबण्याचा निर्णय घ्यावा लागतो. बहुतेक वेळा आत करपलेला तवा किंवा बिघडलेला शोधक निघतो, आणि म्हणूनच थांबण्याचा मोह मोठा असतो. बाहेरून काही न दिसणारी, आत धुमसत असलेली आग याच मोहाचा फायदा घेते. किल्लीपेटीचा सर्वांत मोठा उपयोग मला इथे वाटतो: तिच्यामुळे आत जाऊन पाहण्याची किंमत जवळजवळ शून्यावर येते, आणि मग अंदाज बांधत बाहेर उभे राहण्याचे कारणच उरत नाही.

ज्यांनी ही पेटी पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिची रचना थोडक्यात सांगतो. जाड पोलादाची, पाऊस आत न शिरू देणारी ही लहानशी पेटी मुख्य प्रवेशद्वाराजवळ, उभ्या माणसाच्या हाताला सहज येईल अशा उंचीवर भिंतीत पुरलेली किंवा भिंतीवर घट्ट बसवलेली असते. आत इमारतीच्या किल्ल्या असतात. पेटीचे कुलूप मात्र इमारतीच्या मालकाला उघडता येत नाही. ते फक्त स्थानिक अग्निशमन दलाच्या किल्लीने उघडते. अमेरिकेत अशा पेट्या १९७०च्या दशकापासून वापरात आहेत, आणि तिथल्या अनेक शहरांनी व राज्यांनी स्वीकारलेल्या इंटरनॅशनल फायर कोड या अग्निसुरक्षेच्या नियमसंहितेनुसार, जिथे कुलूपबंद दारांमुळे प्रवेश अडतो किंवा जीव वाचवण्यासाठी तात्काळ प्रवेश आवश्यक असतो, तिथे अशी पेटी बसवण्यास सांगण्याचा अधिकार अग्निसुरक्षा अधिकाऱ्याला आहे. पेटी चाचणी उत्तीर्ण झालेलीच असावी असेही तो नियम सांगतो. घरी येणाऱ्या परिचारिकेसाठी दाराबाहेर लावतात ती आकडे फिरवून उघडायची छोटी पेटी ही वेगळी वस्तू आहे. तिचा उपयोग आहे, पण तिचा आकडा हळूहळू अनेकांना माहीत होतो, आणि संपूर्ण इमारतीच्या किल्ल्या तिच्या भरवशावर ठेवू नयेत.

आता त्या आक्षेपाकडे येतो, जो प्रत्येक समितीच्या सभेत उठतो आणि ज्याला पेटीचे समर्थक अनेकदा हसण्यावारी नेतात. एका शहरातल्या सगळ्या पेट्या एकाच किल्लीने उघडत असतील, तर ती एक किल्ली चुकीच्या हाती पडल्यास काय होईल? हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. तो विचारणाऱ्या सभासदाला विरोधक समजू नये. कुलपांच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे फारशी दिलासा देणारी नाहीत.

२००३ मध्ये मॅट ब्लेझ या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिले की, एकाच मास्टर किल्लीने उघडणाऱ्या कुलपांच्या साखळीत ज्याच्याकडे आपल्या खोलीची एक साधी किल्ली आणि एक कुलूप आहे, तो थोड्याशा प्रयत्नाने सगळी कुलपे उघडणारी किल्ली शोधून काढू शकतो. कुलूप बनवणाऱ्या कारागिरांना ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती; इमारतीत राहणाऱ्यांना मात्र ती कोणी सांगितली नव्हती. विमानतळावर सामान तपासणारे अमेरिकी अधिकारी प्रवाशांच्या बॅगांची कुलपे ज्या ठरावीक किल्ल्यांनी उघडतात, त्यांचे छायाचित्र २०१४ मध्ये एका वृत्तपत्रात छापून आले आणि पुढच्याच वर्षी त्या छायाचित्रावरून त्रिमितीय छपाईने चालत्या किल्ल्या बनू लागल्या. ब्रिटनमध्ये सदनिकांच्या प्रवेशद्वारावरचा अग्निशमन दलासाठीचा दार उघडण्याचा खटका (स्विच) ज्या साध्या किल्लीने फिरतो, ती किल्ली कोणालाही विकत मिळते, आणि तिचा गैरवापर करून चोर व उपद्रवी लोक इमारतीत शिरल्याच्या तक्रारी तिथे जुन्या आहेत. सर्वांकडे असलेली ठरावीक किल्ली आणि मालकाने मागवली तरी न मिळणारी, नोंदवलेली किल्ली यांत फार मोठा फरक आहे, पण दोन्हींचा धोका एकाच जातीचा आहे. किल्लीचे गुपित हे वापरणारे वाढतील तसतसे विरत जाते.

म्हणून धोकाच नाही असे आपण म्हणू नये. धोका आहे, आणि तो आटोक्यात ठेवण्याचे मार्ग माहीत आहेत, असे म्हणावे, आणि मग ते मार्ग खरोखर अवलंबावेत.

पहिला मार्ग पेट्या उघडणाऱ्या, गाडीवरच्या किल्लीचा. ती किल्ली जवानाच्या खिशात, चालकाच्या कप्प्यात किंवा खिळ्याला टांगलेली असू नये. गाडीत पक्क्या बसवलेल्या कुलूपबंद धारकात ती असावी आणि जवानाने स्वतःचा सांकेतिक क्रमांक दिल्यावर किंवा नियंत्रण कक्षाने संदेशाद्वारे मोकळी केल्यावरच ती बाहेर यावी. कोणी, कधी आणि किती वेळ ती घेतली याची नोंद असे धारक आपोआप ठेवतात. ही यंत्रणा नवी नाही, दुर्मीळही नाही. ज्या दलाने शेकडो इमारतींकडून त्यांच्या किल्ल्या विश्वासाने मागितल्या आहेत, त्या दलाच्या गाड्यांवर असा धारक नसेल तर ती मागणी अर्ध्या अधिकाराने केलेली आहे, असे मी आदरपूर्वक म्हणेन.

दुसरा मार्ग मला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो, आणि तो जर्मनीत रूढ आहे. तिथे अग्निसूचना यंत्रणेला जोडलेल्या किल्लीपेटीला दोन दारे असतात. बाहेरचे दार विजेने बंद असते आणि इमारतीतल्या अग्निसूचना यंत्रणेने इशारा दिल्याशिवाय ते सुटतच नाही. त्यामागच्या आतल्या दाराला अग्निशमन दलाचे कुलूप असते. त्याच्याही आत इमारतीची किल्ली एका खाचेत बसवलेली असते, आणि ती तिथे आहे की नाही यावर यंत्रणेचे सतत लक्ष असते. उच्च सुरक्षेच्या प्रकारात बाहेरच्या दाराला भोक पाडण्याचा प्रयत्न झाला तरी इशारा जातो. म्हणजे कोणी दलाची किल्ली चोरली तरी इशारा उठल्याशिवाय तिने पेटी उघडता येत नाही. मग धूर दिसतो आहे पण यंत्रणा अजून वाजलेली नाही, अशा वेळी जवानांनी काय करायचे? त्यासाठी बाहेर किल्लीने फिरवायचा एक वेगळा छोटा खटका असतो. जवान तो फिरवून स्वतः इशारा उठवतात आणि त्याची नोंद होते. या रचनेत किल्ली एकट्याने काहीच करू शकत नाही. तिला एका घटनेची साक्ष लागते. माझ्या मते शहरभराच्या किल्लीच्या प्रश्नाचे हे आजवरचे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे.

अर्थात अशी पेटी अग्निसूचना यंत्रणेशी जोडावी लागते, आणि जिथे तशी यंत्रणाच नाही तिथे ती बसवता येणार नाही. अशा इमारतींसाठी इलेक्ट्रॉनिक किल्लीचा तिसरा मार्ग आहे: पेटी उघडल्याची प्रत्येक वेळ नोंदली जाते, आणि किल्ली हरवली तर सगळ्या कुलपांची अदलाबदल न करता तेवढी एक किल्ली बाद करता येते. तिच्या बॅटरीची आणि माहितीची देखभाल मात्र सातत्याने करावी लागते. तेही न जमल्यास साधी यांत्रिक पेटी घ्यावी, पण तिच्यावर छेडछाड टिपणारा खटका असावा आणि तो इमारतीच्या धोक्याच्या घंटेला जोडलेला असावा. कोणती पेटी कुठे हे ठरवताना इमारतीत काय आहे याचाही विचार व्हावा. औषधांचे कोठार आणि चार मजली निवासी इमारत यांना एकाच तराजूत तोलणे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

आता ज्या विषयात माझी स्वतःची चूक आहे, तिथे थोडे अधिक थांबतो. वर उल्लेखलेल्या अमेरिकी नियमसंहितेत किल्लीपेटीच्या तरतुदीलगतच एक छोटे कलम आहे: कुलूप बदलले किंवा त्याची किल्ली बदलली, तर इमारत चालवणाऱ्याने ते अधिकाऱ्याला ताबडतोब कळवावे, नवी किल्ली द्यावी आणि ती पेटीत ठेवली जावी. वाचताना हे इतके उघड वाटते की डोळे त्यावरून घसरतात. पण हे कलम पाळले जाण्यात एक खरी अडचण आहे आणि ती नियम लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. पेटी मालकाला उघडता येत नाही, आणि नेमकी हीच तिची सुरक्षा आहे. म्हणजे नवी किल्ली ठेवण्यासाठी दरवेळी दलाला बोलवावे लागते. कुलूप बदलणारा कारागीर संध्याकाळी येतो, पंधरा मिनिटांत काम संपवतो, चार किल्ल्या हातात देतो आणि जातो. त्यानंतर दलाकडे अर्ज, त्यांच्या सवडीची वेळ, आपली सवड, हे सारे जुळवण्याचे काम उद्यावर जाते. माझे उद्या आठ महिने लांबले. मला यात स्वतःचा बचाव करायचा नाही; पण माझ्यासारखे किती सचिव असतील याची मला चिंता आहे, कारण बंद पेटीकडे बाहेरून पाहून तिच्यातली किल्ली जुनी आहे हे कोणालाच कळत नाही.

यासाठी दलांना माझी विनंती अशी की किल्ली बदलण्याची भेट सोपी करावी. एकच दूरध्वनी क्रमांक असावा, आठवड्यातले ठरावीक दोन दिवस असावेत, आणि पथक त्या भागात दुसऱ्या कामासाठी आले असताना ही भेट उरकण्याची मुभा पथकप्रमुखाला असावी. त्याबरोबर वर्षातून एकदा प्रत्येक पेटी समितीचा प्रतिनिधी आणि दलाचा जवान यांनी मिळून उघडावी. त्या वेळी केवळ किल्ल्या मोजून चालणार नाही. प्रत्येक किल्ली तिच्या कुलपापर्यंत नेऊन, फिरवून, दार उघडून पाहिली पाहिजे. मुख्य दार, जिन्याची दारे, गच्ची, पंपाची खोली, विजेच्या मीटरची खोली, लिफ्टच्या यंत्राची खोली, तळघर: हा फेरा तासाभराचा आहे. त्यात जवानांना इमारतही पाहायला मिळते, आणि अंधारात पहिल्यांदा पाहण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

किल्ली असूनही ती न चालण्याची किंमत काय असू शकते, हे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरने दाखवले आहे. १४ जून २०१७ च्या त्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेला अनेक कारणे होती आणि त्यांतले मुख्य कारण इमारतीचे ज्वलनशील बाह्यावरण हे होते. ती गोष्ट झाकून किल्लीची गोष्ट मोठी करणे चुकीचे ठरेल. पण चौकशी समितीच्या २०१९ च्या पहिल्या अहवालात हेही नोंदवले आहे की जवानांना इमारतीच्या लिफ्ट आपल्या ताब्यात घेण्याची, किल्लीने फिरवायची यंत्रणा चालवता आली नाही. ती सोय कागदावर होती, भिंतीवरही होती. चौकशीनंतर इंग्लंडमध्ये २०२२ साली केलेले आणि २३ जानेवारी २०२३ पासून लागू झालेले नियम म्हणूनच दोन गोष्टी सांगतात. १८ मीटर किंवा सात मजल्यांहून कमी नसलेल्या निवासी इमारतींत जवानांच्या वापराच्या लिफ्ट आणि अग्निशमनाची महत्त्वाची साधने दर महिन्याला तपासली गेली पाहिजेत. आणि अशा प्रत्येक इमारतीत दलाला उघडता येईल अशी सुरक्षित माहितीपेटी असली पाहिजे, जिच्यात मजल्यांचे आराखडे आणि जबाबदार व्यक्तीचा संपर्क छापील स्वरूपात असेल. आमच्या किल्लीपेटीत त्या रात्री एक साधा आराखडा असता, तर मागच्या बाजूला दुसरा जिना आहे आणि त्याचे दार जुन्याच किल्लीने उघडते हे जवानांना कळले असते. मला ते ठाऊक होते, पण मी रस्त्याच्या पलीकडे, लोकांना मोजत उभा होतो.

पेटीत काय ठेवावे याबद्दल समित्यांना थोडे सांगतो. पन्नास किल्ल्यांचा जुडगा हा काळोखात निरुपयोगी असतो. किल्ल्या कमी असाव्यात, शक्य तिथे सामाईक दारांची कुलपे एकाच किल्लीची करून घ्यावीत, आणि प्रत्येकीला हातमोज्यातूनही धरता येईल असा मोठा, ठळक अक्षरांचा बिल्ला असावा. बिल्ल्यावर दाराचे काम लिहावे, कोणाचे नाव लिहू नये. जिथे दारे आता कार्डाने किंवा बोटाच्या ठशाने उघडतात, तिथे पेटीत चालू असलेले कार्ड आणि वीज गेल्यावर उपयोगी पडणारी यांत्रिक किल्ली असे दोन्ही हवे. कारण वीज तुटताच काही दारे आपोआप सुटतात, तर काही घट्ट बंद राहतात, आणि आपले दार कोणत्या प्रकारचे आहे हे अनेक समित्यांना वीज जाईपर्यंत माहीतच नसते. कार्डांची मुदत संपते, तीही तपासावी.

खासगी घरांच्या किल्ल्या सामाईक पेटीत सक्तीने ठेवू नयेत, असे माझे मत आहे. जे एकटे राहतात, ज्यांना पडण्याची किंवा अचानक शुद्ध हरपण्याची भीती आहे, त्यांना हवे असल्यास त्यांच्या लेखी संमतीने आणि वेगळ्या मोहोरबंद पाकिटात ती सोय करून द्यावी. आमच्या त्या शेजारणीने आता तशी किल्ली दिली आहे, आणि ती मी मागितली म्हणून नव्हे. पण ज्याला ते नको आहे त्याच्या नकाराचे कारण विचारू नये. आणि दलाची किल्ली फक्त आग, धूर, वायुगळती किंवा जीव धोक्यात असलेल्या प्रसंगीच वापरली जाईल, इतर कोणत्याही खात्याच्या चौकशीसाठी ती उसनी दिली जाणार नाही, आणि पेटी उघडल्यावर चोवीस तासांच्या आत समितीला लेखी कळवले जाईल, हे नियमातच लिहिलेले असावे. तोंडी आश्वासन अधिकारी बदलला की संपते. ही अट घातल्याने दलाचे काही बिघडत नाही. उलट जे सभासद आज हात वर करत नाहीत ते करतील.

एक गोष्ट थोडक्यात, पण चुकूनही विसरू नये अशी. किल्लीपेटी ही आत येणाऱ्यांसाठी आहे. तिच्या आधारावर बाहेर पडण्याचे एकही दार आतून कुलूपबंद ठेवता येणार नाही. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी १४६ कामगार मेले, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या वाटेत एक कुलूपबंद दार होते. दलाकडे किल्ली आहे, म्हणून मागचे दार बंद केले तर चालेल, असे कोणी सभेत म्हणाले तर ते तिथेच थांबवावे.

नियम ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांना माझे मागणे तीन भागांचे आहे. पेटी सक्तीची करताना तिच्या किल्लीच्या सुरक्षेची जबाबदारी दलावर त्याच कलमात टाकावी: गाडीवरचा नोंद ठेवणारा धारक, किल्ली हरवल्यास ठरावीक मुदतीत सर्व संबंधित इमारतींना सूचना, आणि पेट्यांची कुलपे बदलण्याचा खर्च कोणी करायचा याचा आधीच केलेला निर्णय. आज हा शेवटचा प्रश्न विचारला तर बहुतेक ठिकाणी शांतता पसरते, आणि ज्या चुकीचा खर्च कोणाच्याच नावावर नाही ती चूक लपवली जाण्याची शक्यता वाढते. दुसरे, वार्षिक तपासणीची तारीख इमारतीच्या दर्शनी भागात लावणे बंधनकारक करावे, म्हणजे रहिवाशांनाच सचिवाला प्रश्न विचारता येईल. तिसरे, दलाच्या नोंदींत गाडी पोहोचण्याच्या वेळेबरोबरच जवान आत शिरल्याची वेळही लिहिली जावी. ती लिहिली गेली नाही तर कोणत्या दारापाशी किती मिनिटे गेली हे कधीच कळणार नाही, आणि पेट्यांनी खरोखर फरक पडतो का हेही आपण केवळ मतावर ठरवत राहू.

मी आता सचिव नाही. नव्या सचिवांनी मागच्या महिन्यात दलाच्या जवानांसोबत आमची पेटी उघडली आणि प्रत्येक किल्ली फिरवून पाहिली. तळघराच्या दाराची किल्ली लागत होती, पण कुलूप गंजल्यामुळे ती फिरत नव्हती. ते कुलूप त्याच आठवड्यात बदलले आणि नवी किल्ली ठेवायला जवान चार दिवसांत परत आले. हे पत्र ज्या समित्यांपर्यंत पोहोचेल त्यांनी आपली पेटी शेवटची कधी उघडली ती तारीख शोधावी, आणि ती सापडत नसेल तर आजच दलाला दूरध्वनी करावा. दलांच्या प्रमुखांनी, आपल्या अखत्यारीतील प्रत्येक पेटीच्या पाहणीचे वेळापत्रक केव्हा जाहीर होईल ते कळवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एका निवासी इमारतीचा माजी सचिव